उकिडवं बसताना टाच का उचलते?

प्रश्न : वय ४३. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम, पाळीभर उभंच. उकिडवं बसलं की टाचा उचलल्या जातात, तोल मागं जातो. दोन महिने भिंतीला हात टेकून, गुडघा ताठ ठेवून रोज पोटऱ्या ताणतोय. काडीचा फरक नाही. स्नायू आखडलाय की घोटा?

उत्तर : बहुधा नको त्या स्नायूला ताण देताय. पोटरीत एकाखाली एक दोन मोठे स्नायू असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाला जोडलेला. गुडघा दुमडला की तो सैल पडतो. म्हणजे उकिडवं बसताना तो आडवा येतच नाही. येतो तो आतला सोलियस, नाहीतर सांधाच.

आधी मोजा. अनवाणी, भिंतीसमोर. शहाबादी फरशीवर शिंप्याची टेप भिंतीपासून सरळ पसरा. अंगठा ५ सेंटिमीटरवर ठेवून गुडघा भिंतीला टेकवा, मग पाऊल एकेक सेंटिमीटर मागं घ्या. टाच न उचलता गुडघा टेकतो ते शेवटचं अंतर लिहून ठेवा. टाचेखाली कागद दाबून घरच्या कुणाला तरी तो ओढायला सांगा. सुटला की टाच उचलली. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेतच जाऊ द्या. तळव्याची कमान आत कोसळली की आकडा उगाच वाढतो, आणि सगळे फसतात ते इथंच.

१० सेंटिमीटरच्या आसपास ठीक. दोन्ही पायांत २ सेंटिमीटरचा फरक असेल तर दुर्लक्ष करू नका. पाळी संपल्यावर लगेच मोजू नका. स्नायू तापलेले असतात, आकडा जास्त येतो.

आता, अडतं तिथं कळ कुठं येते? मागं, टाचेच्या वरच्या भागात ओढ बसली तर सोलियस : तोच भिंतीचा व्यायाम गुडघा वाकवून, ३० सेकंद, तीन-चार वेळा. सहा आठवड्यांनी पुन्हा टेप. घोट्याच्या पुढं चिमटा बसला तर ताणून उपयोग नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवा. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर मात्र ताणू-चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : घरी मोजायला गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) घ्यावा का?

उत्तर : नको. हात बसलेला नसेल तर पाच अंश सहज इकडचे तिकडे होतात. टेप पुरे.