कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचा जुन्या चित्रांतला टोकदार कळस आता का दिसत नाही?

भूकंपांमुळे. १८३९ साली बिशप डॅनियल विल्सन यांच्या पुढाकाराने काम सुरू झालं, १८४७ साली चर्च उपासनेला खुलं झालं. आराखडा लष्करी अभियंते विल्यम नेर्न फोर्ब्ज यांचा. तेव्हा मनोऱ्यावर उंच, निमुळता कळस होता. १८९७ च्या भूकंपात त्याचं नुकसान झालं, डागडुजी झाली. मग १९३४ च्या बिहार भूकंपाने डागडुजी केलेला कळसही गेला. यावेळी मात्र शहाणपणा सुचला: टोकदार कळसाचा नाद सोडून इंग्लंडच्या कँटरबरी कॅथेड्रलच्या 'बेल हॅरी' नावाच्या मनोऱ्याच्या धर्तीवर चौकोनी मनोरा बांधला. आज दिसतो तो हाच, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त शोभतो असं वाटतं.

शैली गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातली टोकदार कमानींची, पण हवा कोलकात्याची! म्हणून आत खांबांची दाटी नाही. मोठं, मोकळं दालन आहे. गेलात तर पश्चिमेकडची रंगीत काचांची खिडकी चुकवू नका. इंग्रज चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांचं काम, १८७२ मध्ये अंदमानात मारले गेलेले व्हाइसरॉय मेयो यांच्या स्मरणार्थ. उन्हं कलल्यावर जा, पश्चिमेचा उजेड थेट काचांतून आत येतो.