मोझांबिकने स्वातंत्र्यानंतर देशाचं नाव का बदललं नाही?

तुम्ही विचारलंय की गोल्ड कोस्टचा घाना झाला, ऱ्होडेशियाचा झिंबाब्वे झाला, मग पोर्तुगीजांनी ठेवलेलं नाव मोझांबिक अजून का मिरवतंय?

आधी प्रश्नातच एक दुरुस्ती करतो. हे नाव पोर्तुगीजांनी ठेवलेलं नाही. त्यांनी ते ऐकलं, आपल्या जिभेला जमेल तसं वळवलं आणि नकाशावर चढवलं.

मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही. जालन्यात आमचं आडतीचं दुकान आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, पुढच्या वर्षी भारताने मोझांबिकशी डाळी आणायचा करार केला, आणि बघता बघता ‘मोझांबिक गजरी’, ‘अरुषा’, ‘मटवारा’ हे आफ्रिकी तुरीसाठीचे शब्द आमच्या बाजारात बर्माच्या लेमन तुरीइतके रुळले. (त्यावर इथल्या शेतकऱ्याचं काय म्हणणं आहे ते वेगळं विचारा, त्याचं उत्तर बरंच लांब होईल.) तेव्हा वडील एकदा सहज म्हणाले, “मोझांबिक म्हणजे काय रे, मोसंबीचा भाऊ का?” मी हसलो. मग घरी जाऊन शोधायला लागलो, तर ते बरोबर निघाले. मोसंबी हा शब्द मोझांबिकवरूनच आला आहे. फळ मूळचं तिथलं नव्हे, लिंबूवर्गातली झाडं आशियातलीच. पण आपल्याकडे त्याच्यासोबत नाव आलं ते त्या बंदराचं. तेव्हापासून या देशाच्या नावाचं मला वेड लागलंय.

आता मूळ गोष्ट. मोझांबिक हे आधी देशाचं नाव नव्हतंच, एका बेटाचं होतं. आजच्या नांपुला प्रांताच्या किनाऱ्यालगत जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटरसुद्धा रुंद नसलेलं हे बेट. वास्को द गामा मार्च १४९८ मध्ये तिथे पोचला तेव्हा ते अरब-स्वाहिली व्यापाऱ्यांचं चालतं बंदर होतं. पाहुणे मुसलमानच असावेत असं समजून लोकांनी आधी स्वागत केलं, खरं कळल्यावर बिनसलं, आणि गामा जाता जाता तोफा डागून गेला. बेटावर मूसा बिन बिक नावाच्या माणसाचा अंमल होता असं सांगतात. कुणी त्याला शेख म्हणतं, कुणी सुलतान, कुणी नुसता व्यापारी. त्याच्या नावावरून बेट, बेटावरून किल्ला, आणि किल्ल्यावरून पुढे सगळा मुलूख. या नावाच्या पोर्तुगीज उच्चारात ‘झ’ नाहीच, ते ‘मुसांबिक’ असं काहीतरी म्हणतात. म्हणजे आपल्या मोसंबीतला ‘स’ मूळ मूसाला जास्त जवळचा!

आणि बेटाभोवतीचे माकुआ लोक? ते त्याला ‘ओमुहिपिती’ म्हणतात. अजूनही.

बेटाचं नाव एवढ्या मोठ्या मुलखाला चिकटलं, कारण पोर्तुगीजांना बरीच शतकं मुलूख नकोच होता, त्यांना बंदर हवं होतं. लिस्बनहून गोव्याला जाणारी गलबतं इथे पाणी भरायची आणि वाऱ्याची वाट बघत थांबायची. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १६८६ मध्ये दीव आणि मोझांबिकमधल्या व्यापाराचा मक्ता दीवच्या वाण्यांच्या मंडळीला गोव्यातूनच मिळाला. पोर्तुगीज कागदांत या मंडळीचं नाव ‘माझानेश’ असं येतं, म्हणजे आपले महाजन. इकडून कापड जायचं, तिकडून हस्तिदंत यायचा. आणि माणसंही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हे बेट गुलामांच्या व्यापाराचं मोठं ठाणं झालं. मॉरिशसमध्ये तर पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामाची नोंदच ‘मोझांबिक’ अशी होत असे. नाव बदलायला हवं होतं असं कुणी मला म्हणालं, तर त्याच्या बाजूने मला सुचणारा सर्वांत जोरकस मुद्दा हाच आहे.

देशाचा आजचा आकार मात्र अगदी अलीकडचा. १८९० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगालला दम भरला, १८९१ च्या तहात सीमा आखल्या गेल्या. अंगोलापासून मोझांबिकपर्यंत सलग पट्टा हे पोर्तुगालचं स्वप्न होतं. ते मोडलं आणि नकाशावर इंग्रजी वाय अक्षरासारखा वेडावाकडा तुकडा उरला. त्याचेही मोठे भाग खासगी कंपन्यांना चालवायला दिले. १८९८ मध्ये राजधानी बेटावरून उचलून पार दक्षिणेला लोरेंसू मार्किशला नेली. ज्या बेटाचं नाव देशाने घेतलं तेच बेट अडगळीत पडलं.

आता तुमचा खरा प्रश्न. सरकारने ‘नाव याच कारणासाठी ठेवलं’ असं कुठे लिहून ठेवलेलं मी वाचलेलं नाही. हा माझा तर्क आहे. पण स्वतःला त्या लोकांच्या जागी ठेवून बघा. बदलून ठेवणार काय? झांबेझी नदीचं नाव घ्यावं तर झांबियाने ते १९६४ लाच घेतलेलं. मोनोमोटापा या जुन्या राज्याचं घ्यावं तर त्याचा निम्मा वारसा झिंबाब्वेच्या पठारावर. मोझांबिकच्याच दक्षिणेतल्या गाझा साम्राज्याचं? त्याचा शेवटचा राजा गुंगुन्याना पोर्तुगीजांनी १८९५ मध्ये पकडून अझोर बेटांवर हद्दपार केला, तो १९०६ मध्ये तिथेच वारला. स्वतंत्र सरकारने १९८५ मध्ये त्याचे अवशेष समारंभाने परत आणले. पण गाझाचे राज्यकर्ते दक्षिणेकडून आलेले न्गुनी, आणि चोपी लोकांना त्यांनी जे भोगायला लावलं ते लोक विसरलेले नव्हते. माकुआ संख्येने सर्वांत मोठे, पण त्यांचं नाव दिलं असतं तर बाकीच्यांनी ऐकून घेतलं असतं?

मूसाचं नाव कुणाच्याच जमातीचं नव्हतं, आणि मला वाटतं तेच कामी आलं.

दुसरं असं की लढा याच नावावर लढला गेला होता. फ्रेलिमो, म्हणजे मोझांबिक मुक्ती आघाडी, २५ जून १९६२ रोजी दार-ए-सलाममध्ये तीन संघटना एकत्र येऊन झाली. त्यांपैकी एक आजच्या झिंबाब्वेतल्या बुलावायोत काम करणाऱ्यांनी काढलेली, एक तांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) माकोंदे लोकांची, एक मलावीकडे गेलेल्यांची. यातल्या माकोंदेंच्या संघटनेने आद्याक्षरं तीच ठेवून नावातला ‘माकोंदे’ काढला आणि ‘मोझांबिक’ घातलं! परदेशात पोटासाठी गेलेल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या माणसाला ना एक भाषा होती ना एक राजा. एकाच वसाहतीचे एवढंच त्यांना सामाईक. पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल म्हणायचे की राष्ट्र जगायचं तर टोळी मेली पाहिजे. हे जरा फारच कडक होतं आणि त्याचे चटकेही बसले, पण नावाबाबतचा कल त्यातून कळतो. राज्यभाषासुद्धा त्यांनी पोर्तुगीजच ठेवली.

म्हणून बाकीची नावं बदलायची राहिली असं मात्र नाही. २५ जून १९७५ ला स्वातंत्र्य मिळालं आणि गावांच्या पाट्या भराभर उतरल्या. ३ फेब्रुवारी १९७६ ला, म्हणजे फ्रेलिमोचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंदलाने यांच्या हत्येला सात वर्षं झाली त्या दिवशी, लोरेंसू मार्किशचं मापुतो झालं. विला पेरीचं शिमोयो, विला काब्रालचं लिशिंगा, पोर्तो अमेलियाचं पेंबा. एस्कुदो जाऊन १९८० मध्ये मेटिकल हे चलन आलं, आणि त्याचंही मूळ अरबीतच, ‘मिस्काल’ हे सोनं तोलायचं वजन. गंमत म्हणजे बेइरा हे मोठं बंदर सुटलं. पोर्तुगीज युवराजाच्या किताबावरून आलेलं ते नाव आजही तसंच आहे, आणि ते का वाचलं याचं पटेल असं कारण मला सापडलेलं नाही.

स्वातंत्र्याच्या त्या पिढीत एक गोंयकारही होता, हे जाता जाता सांगायलाच हवं. बारदेशात १९२४ मध्ये जन्मलेले आकिनो द ब्रागांसा फ्रेलिमोच्या अगदी आतल्या वर्तुळातले, पुढे मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास केंद्राचे संचालक. १९ ऑक्टोबर १९८६ च्या ज्या विमान अपघातात माशेल गेले, त्याच विमानात तेही होते. १९६१ मध्ये भारताने गोवा घेतल्यावर पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबून हाकललं, मालमत्ता गोठवल्या. त्याच मुलखाच्या स्वातंत्र्यासाठी गोव्यात जन्मलेला माणूस झटत होता.

आमच्याकडची बरीचशी तूर नकाला बंदरातून निघून न्हावा शेवाला उतरते. नकाशा काढून बघा, नकालापासून किनाऱ्याने थोडं खाली आलं की ते बेट लागतं. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, “म्हणजे मोसंबी आणि तूर एकाच गावची!”