तो ‘अजून’ म्हणेल तितका वेळ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री उशिरा वाचला आणि सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसले. डिसेंबरात तुम्हा दोघांना आठ दिवस रजा मिळाली आहे, जयपूर-जोधपूर-जैसलमेर-उदयपूर असा बेत ठरतोय, आणि वीस महिन्यांच्या बाळाला ते झेपेल का, असं विचारलं आहेस. पण त्याखालची ओळ मला जास्त लागली. गेल्या वेळचे रिसॉर्टमधले दोन दिवस रडारडीत गेले, आता तो मोठा होईपर्यंत कुठे जायलाच नको असं वाटतं, असं लिहिलंस. ते वाचून वाईट वाटलं. म्हणून आधी त्या ओळीचं उत्तर देते.

जायचं. नक्की जायचं. फक्त राजस्थान तीन-चार वर्षं राहू दे. जोधपूर ते जैसलमेर रस्ता पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढा वेळ गाडीत बसलेल्या बाळाला किल्ल्याचं काय कौतुक! दर दुसऱ्या दिवशी सामान आवरायचं, नवी खोली, नवं अंथरूण, नवी बाथरूम. मोठ्या माणसाला यात मजा येते कारण घर कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं. बाळाला वाटतं, घर रोज हरवतंय.

हे मी अनुभवाने सांगते. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर म्हैसूर-उटीला गेलो होतो. सकाळी सहाला बस सुटायची. वृंदावन गार्डनची कारंजी लागली तेव्हा तो माझ्या खांद्यावर गाढ झोपलेला होता, आणि रात्री अकराला खोलीवर आलो की टक्क जागा. उटीच्या घाटात त्याला तीनदा उलटी झाली. बसमधल्या एका बाईंनी तोंड फिरवलं, ते मला अजून आठवतं. चौथ्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. आणि त्या अख्ख्या सहलीत तो खदखदून हसला तो एकदाच. हॉटेलच्या मोरीत, बादलीतलं पाणी तांब्याने उपसून परत बादलीत ओतताना. घरी बादली होती, तांब्याही होता. त्याला हवं होतं ते एवढंच, की आम्ही दोघं शेजारी बसलोय आणि कुणाला कुठे जायची घाई नाही.

तुला आठवणार नाही, पण मला लख्ख आठवतं. तू माझ्या बालवाडीत आलीस त्या वर्षी सबंध जून महिना एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात तांदूळ ओतत होतीस. दुसरं काही नको. तुझी आई काळजीने विचारायची, बाई, ही काही शिकतेय ना? जुलैत एके दिवशी तू स्वतःच पेला बाजूला ठेवलास आणि मण्यांकडे गेलीस. त्या वेळी तुझा हात इतका स्थिर झाला होता की एक दाणा खाली सांडत नव्हता. लहान मुलाच्या तोंडी ‘अजून’ हा शब्द येतो ना, त्याच्यापोटी हे एवढं काम चाललेलं असतं. तुझं बाळही म्हणत असेल. घसरगुंडीवर, जिन्यात, आंघोळीच्या टबात. सुट्टी म्हणजे काय, तर त्या ‘अजून’ला रोज ‘पुरे, उशीर होतोय’ म्हणावं लागतं, ते काही दिवस म्हणावं लागू नये.

तेव्हा माझं ऐकशील तर डहाणूजवळच्या समुद्रकाठच्या बोर्डीला जा. चार रात्री, एकाच घरी. बोरिवलीहून तुम्हाला किती सोपं! २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. उतरून रिक्षा केली की नरपड, चिखले, घोलवड करत किनाऱ्याकिनाऱ्याने बोर्डी. लोकलमध्ये गर्दीची वेळ टाळा, एवढंच. त्याच्या दुपारच्या झोपेच्या तासभर आधी गाडीत बसा, म्हणजे विरारच्या पुढे तो मांडीवर झोपेल आणि उतरेल तेव्हा ताजा असेल. या वयाच्या मुलाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते. बेत आखताना हा आकडा आधी मांड आणि उरलेल्या वेळात काय बसतं ते बघ. गेल्या वेळचे तुमचे दोन दिवस रिसॉर्टमुळे बिघडले नाहीत गं, दुपारी दोन वाजता जेवणाच्या रांगेत उभं राहिल्यामुळे बिघडले. तूच लिहिलं आहेस तसं.

बोर्डीचा किनारा सपाट आणि लांबलचक, मागे सुरूची झाडं. ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि मागे ओली, घट्ट वाळू राहते. नुकतं धावायला लागलेल्या पायांना अशी वाळू फार चांगली, पडलं तरी लागत नाही. ओहोटीची वेळ मात्र बघून जा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास आपल्याकडे भरती भर दुपारी असते आणि ओहोटी सकाळी लवकर आणि संध्याकाळी. अष्टमीला याच्या उलट. रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी पोचलात तर सकाळचा नाश्ता करून निघालात की वाळू मोकळी मिळेल. सपाट किनाऱ्यावर पाणी परत येतं तेही भराभर, तेव्हा गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय फार आत जाऊ नका आणि बाळ हाताच्या अंतरावर असू दे.

आणि तिथे एक गोष्ट त्याला दाखव. दाखव म्हणजे बोट करू नकोस, नुसती शेजारी उकिडवी बस. ओल्या वाळूत नखाएवढे खेकडे असतात. ते वाळू तोंडाशी नेतात, त्यातलं खाण्याजोगं तेवढं खातात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी, ज्वारीएवढी गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती या गोळ्यांची सुरेख नक्षी तयार होते, सूर्याच्या किरणांसारखी. पाऊल वाजलं की सगळे खेकडे क्षणात आत. मग गप्प बसायचं. एक बाहेर येतो, मग दुसरा. माझा नातू पावणेदोन वर्षांचा असताना तिथे पाऊण तास बसला होता. खेकडा बाहेर आला की श्वास रोखायचा, आत गेला की माझ्याकडे बघून म्हणायचा, ‘गेला’. किती वेळा म्हणाला असेल! दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडल्या उघडल्या पहिला शब्द तोच.

खेळणी म्हणशील तर एक स्टीलची वाटी, एक डाव आणि जुनं गाळणं घेऊन जा. बस. बाकीचं त्याला तिथे मिळेल. योगायोग असा की या खेळाचं आपल्याकडचं माहेरच तिथे आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये याच बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. महागडी परदेशी साधनं खेड्यात कुठून आणणार? म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पानं, माती यांनाच साधनं केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि तिथूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द घरोघर पोचला. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. प्रशिक्षणाच्या वेळी मी तो परिसर पाहिला आणि तेव्हापासून माझ्या बालवाडीत चिंचोके, रिठे आणि नदीतले गोटे आले. तू ज्या टोपलीतून गोटे काढून ओळीने मांडायचीस, ती टोपली तिथलं बघूनच केलेली.

आता थोडं काळजीचं, कारण मजा बिघडते ती इथेच. घोलवडचा चिकू नावाजलेला, त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि हिवाळ्यात तो भरपूर मिळतो. बाळाला जरूर दे, पण बी स्वतःच्या हाताने काढून. चिकूच्या बीला टोकाला बारीक आकडी असते, ती घशात अडकते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयात देऊच नकोस, प्रवासात तर मुळीच नाही. ओआरएसची दोन पाकिटं पिशवीत ठेव. जुलाब झाले तर एक लिटरचं पाकीट पुरतं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाल, अर्धं पाकीट अंदाजाने ढवळू नकोस, आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून दे. घरची चादर न धुता ने, त्या वासावर तो परक्या खोलीत झोपेल. मऊ भात, तूप, मेतकूट. मेतकूट घरचं ने, म्हणजे पहिल्या दिवशी जेवणाची ओरड नाही.

एवढ्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबायचं कारण नाही, हे मात्र तुला आवर्जून सांगायचं आहे. तू लिहिलंस की आठवडाभर त्याला तुमची जेमतेम दोन तास सोबत मिळते आणि तीही जेवण भरवण्यात जाते. त्या दोन तासांत पुष्कळ मावतं. मेथी निवडायला बसशील तेव्हा त्यालाही चार काड्या दे. तो पानं जमिनीवर टाकेल, काड्या पातेल्यात टाकेल, टाकू दे. कणीक मळताना गोळा दे. वाळत घातलेले कपडे काढताना चिमटे डब्यात टाकायचं काम त्याचं. ‘टण्’ असा आवाज आला की त्याचा चेहरा बघ. या कामांना तुला दुप्पट वेळ लागेल, हे मला माहीत आहे. पण तो वेळ खेळायलाच काढलेला आहे असं समजलीस की जीव चिडत नाही.

आणि बोरिवली स्टेशनचा पूल! तुझ्या नवऱ्याला सांग, शनिवारी सकाळी, गर्दी नसताना, बाळाला घेऊन पुलावर जाळीशी उभं राहायचं. खालून लोकल जाते, डब्यांचं छप्पर दिसतं, पूल थरथरतो. लोकल थांबते आणि पुन्हा सुटते, लांब पल्ल्याची भोंगा वाजवते. महिनाभरात बाळाला आवाजावरून गाड्या ओळखता येतील, बघ. रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी लवकर जा, दहाच्या आत परत या. सोमवारी ते बंद असतं. तिथे चालायचं नाही, त्याच्या मागे मागे रेंगाळायचं. दहा पावलांत वारूळ भेटलं तर वारुळाशीच थांबायचं.

हे बाबाने एकट्याने करावं, असं मी मुद्दाम म्हणते आहे. तू सोबत असलीस की तू सूचना देशील. नॅपी, टोपी, पाणी. त्या दोघांचं काहीतरी दोघांचंच असू दे, आणि तुला तेवढा दीड तास झोप मिळू दे. तुझ्या मेसेजमध्ये त्याच्या झोपेबद्दल सहा वाक्यं आहेत आणि तुझ्या झोपेबद्दल एकही नाही.

मोबाइलबद्दल तू चाचरत विचारलं आहेस, म्हणून स्पष्ट लिहिते. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि नंतरही दिवसाला तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. लंडनच्या मावशीशी व्हिडिओवर बोलणं मी त्यात धरत नाही. भरवताना मात्र मोबाइल बंद कर. पहिले चार-पाच दिवस दोन घास कमी खाईल. काऊ-चिऊचे घास खिडकीशी बसून भरवले तर तो खिडकीतल्या खऱ्या कावळ्याकडे बघेल, आणि तो कावळा रोज त्याच वेळी येईल.

एक रागावणंही आहे. मागे तू पाठवलेल्या फोटोत बाळ स्कूटरवर पुढे उभं आहे. छान दिसतंय, पण माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाशी बांधणारा पट्टा हवा, डोक्यात हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० च्या आत हवा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. सोसायटीच्या गेटपर्यंतच जातो, हे उत्तर मला देऊ नकोस. त्यापेक्षा कडेवर घेऊन चालत जा, वाटेत फुलवाली आहे, तिच्याशी त्याची ओळख होईल.

सासूबाईंना बोर्डीला न्यायचं का, असं विचारलंस. त्यांना यायचं असेल तर जरूर न्या, पण बाळ सांभाळायला म्हणून नेऊ नका. त्यांनाही वाळूत पाय सोडून बसावंसं वाटत असेल.

पुढची भेट जानेवारीत होईलच. येताना चिकू आणशील तर कडक बघून आण, मी तांदळाच्या डब्यात पिकत घालीन. आणि बाळाला म्हणावं, खेकडा कसा आत गेला ते मला करून दाखव.

तुझ्या बाई