यंत्र बंद करू नका, आधी आर्द्रता मोजा

घरात नवीन वायुवीजन यंत्रणा (पंख्यांनी बाहेरची हवा आत आणणारी आणि आतली बाहेर टाकणारी) बसवली आणि हवा कोरडी वाटू लागली की बहुतेक जण यंत्रच बंद करतात. तसं करू नका. आधी बेडरूममध्ये आर्द्रतामापक ठेवा. तो खरं दाखवतो का, हे तपासायला बाटलीच्या झाकणात ओलसर केलेलं मीठ घ्या आणि मापकासोबत हवाबंद डब्यात ८ ते १२ तास ठेवा. आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. फरक दिसला तर तेवढा लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचा.

सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावू शकणाऱ्या बाष्पाच्या किती टक्के बाष्प आहे ते, तापमानाप्रमाणे बदलते, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. बाहेर ० अंश आणि ८० टक्के असलेली हवा घरात २१ अंशांपर्यंत तापली की जेमतेम २० टक्के उरते. म्हणून कडक थंडीत यंत्राचा वेग एक पायरी कमी करा. उलट, ३० अंश आणि ७० टक्क्यांची हवा २४ अंशांवर आली की जवळजवळ १०० टक्क्यांवर जाते! अशा दिवसांत जास्त वेगाने ओलच आत येते. तिथे वेग कमी आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) हाच उपाय. एकूण ४० ते ६० टक्के ठीक.

अंघोळीनंतर मात्र अर्धा तास पूर्ण वेग हवाच.

फिल्टर दर तीन महिन्यांनी बघा. आत येणाऱ्या हवेचा फिल्टर तुंबला तर दाबाचा तोल जातो आणि घर फटींतून हवा ओढतं. खोलीच्या छतातल्या हवेच्या जाळ्या पुसताना फिरवू नका, प्रवाहाची जुळणी बिघडते. यंत्रातून गुळगुळ आवाज किंवा वास आला तर निचऱ्याच्या सायफनमधलं (नळीच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागातलं) पाणी आटलंय, ते भरा.