कॅप्टनचा फोन उचला

पत्रलेखकाने नाव छापू नये अशी विनंती केली आहे, म्हणून पत्रातला मजकूर थोडक्यात देते. ते अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहेत. घर एका शहरात, बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते ठिकाण, दुसऱ्या शहरात. सिनिऑरिटी कमी, त्यामुळे अजून रिझर्व्हवरच आहेत, म्हणजे ठरलेलं वेळापत्रक नाही, कंपनीचा फोन आला की उडायला जायचं. युनियन आणि कंपनी यांच्यात झालेला तात्पुरता करार आता सभासदांच्या मतदानाला आला आहे. पगारवाढ घसघशीत आहे, रिझर्व्हचे नियम मात्र जवळपास होते तसेच. ज्या कॅप्टननी त्यांना नवखेपणी हाताला धरून शिकवलं, तेच आज युनियनमध्ये बेसचे निवडून आलेले प्रतिनिधी आहेत आणि त्यांनी कराराच्या बाजूने कौल दिला आहे. ‘माणूस कंपनीला विकला गेला’ असं सहकारी म्हणतात आणि कॅप्टनना पदावरून परत बोलावण्याच्या अर्जावर यांची सही मागतात. मधल्या काळात कॅप्टनचे फोन येऊन गेले, यांनी उचलले नाहीत. शेवटी विचारतात, “ताई, विरोधात मत दिलं तर मी कृतघ्न ठरेन का? आणि सही केली नाही तर भित्रा?”

प्रिय मित्र,

दोन्ही नाही. पण तुमच्यासमोर प्रश्न दोन आहेत आणि तुम्ही त्यांची एकच गाठ मारून बसला आहात, म्हणून ती सुटत नाही.

आधी कराराचं बघू. तुमच्या पत्रातला रिझर्व्हचा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. रिझर्व्हचा शेवटचा दिवस, सुटायला तासभर उरलेला, बॅग भरून तुम्ही क्रॅशपॅडच्या, म्हणजे बेसजवळच्या भाड्याच्या खोलीच्या दाराशी उभे, आणि तेवढ्यात ड्युट्या लावणाऱ्या शेड्युलिंग विभागाचा फोन: आणखी एक ट्रिप, थेट सुट्टीच्या दिवसात घुसणारी. नाही म्हणायची सोय नाही. मुलीची दातांच्या डॉक्टरची वेळ पुन्हा बदलायची, हे तुम्ही बायकोला मेसेज करून कळवलं, कारण फोन करायची लाज वाटली. ज्याला हे दर महिन्याला सोसावं लागतं, त्याला तासाचा दर वाढून काय मिळालं? त्या दिवसाचे पैसे जास्त मिळतील, दिवस काही मिळणार नाही. तेव्हा ‘इतकी पगारवाढ मिळत असताना कुरकुर कसली’ असं म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा. बिडिंगमध्ये, म्हणजे सिनिऑरिटीप्रमाणे पसंती देताना, मनासारखी लाइन (महिन्याचं ठरलेलं वेळापत्रक) मिळणाऱ्या सिनिअर कॅप्टनला हा करार जेवढा गोड लागेल, तेवढा तो तुम्हाला लागणार नाही, आणि यात कुणाचंच काही चुकत नाही.

मात्र ‘नाही’ म्हटल्यावर पुढे काय, याचा विचार रागाच्या भरात होत नाही. तो आत्ता करा. तुमच्याकडचा कामगार कायदा मुळात १९२६ साली रेल्वेसाठी झाला आणि १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. त्याच्याखाली जुना करार संपत नाही, नवा होईपर्यंत तोच चालू राहतो. संपाचं हत्यारही लगेच हाती येत नाही. राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाने दोन्ही बाजूंना बोलण्यांतून मोकळं करायला हवं, त्यानंतरही तीस दिवस थांबावं लागतं. म्हणजे करार पडला तर तुमचे आजचे रिझर्व्हचे नियम आहेत तसेच राहतील, आजच्याच पगारावर, आणि किती काळ ते कुणी सांगू शकत नाही.

हा काळ कसा जातो, ते बरंचसं बाहेरच्या हवेवर असतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये युनायटेडच्या वैमानिकांनी ९४ टक्के मतांनी करार फेटाळला. वैमानिकांची टंचाई होती, महिनाभरातच डेल्टाच्या वैमानिकांची ३४ टक्के वाढीची बोलणी जमली, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनायटेडच्या लोकांनी बराच चांगला करार ८२ टक्क्यांनी मंजूर केला. याच्या उलट मालवाहतूक करणारी फेडेक्स. तिथल्या वैमानिकांनी २०२३ च्या जुलैमध्ये ५७ टक्क्यांनी करार नाकारला. मालवाहतूक मंदावलेली, कंपनीला कसली घाई नाही. २०२४ संपलं तरी नवा करार हाती नव्हता. तुमची कंपनी आज यातल्या कुणासारखी आहे? माणसं घेते आहे की थांबवते आहे? नवी विमानं येत आहेत की जुनी उभी राहत आहेत? हे तुम्हाला कॉकपिटमध्ये बसून माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. आणि आणखी वर्ष-दीड वर्ष आहे त्या पगारावर घर चालेल का, हे बायकोबरोबर बसून बोला. मेसेजवर नको. तिची तयारी असेल आणि तुम्हालाही थांबणं परवडत असेल, तर बेलाशक ‘नाही’ म्हणा.

आता कॅप्टन. इथे मला तुमच्या सहकाऱ्यांची काळजी वाटते, कारण वड्याचं तेल वांग्यावर निघतं आहे. करार पुरेसा चांगला नसणं आणि तो करणारा माणूस विकला गेलेला असणं, यात फार मोठं अंतर आहे. तुमच्याच देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोजलेलं आहे. कॉन्टिनेन्टल या विमान कंपनीतला १९८३ ते ८५ चा संप युनियनने ज्या समझोत्यावर मिटवला, तो शरणागतीपेक्षाही वाईट आहे म्हणून काही वैमानिकांनी आपल्याच युनियनला कोर्टात खेचलं होतं. १९९१ मध्ये निकाल युनियनच्या बाजूने लागला. समझोता मागाहून वाईट ठरला, तेवढ्याने युनियनने कर्तव्य सोडलं असं होत नाही. मनमानी केली, भेदभाव केला किंवा नियत खोटी होती, हे दिसायला हवं. कोर्टाची कसोटी मतपेटीला बंधनकारक नसते, सभासद हव्या त्या कारणाने प्रतिनिधी बदलू शकतात, हे खरं. पण तुमच्यापुढच्या अर्जात ‘आम्हाला दुसरा माणूस हवा’ एवढंच लिहिलेलं नाही. त्यात विश्वासघाताचा आरोप आहे, आणि त्याला तुमच्याजवळ पुरावा काय? क्रू रूममध्ये ऐकलेलं. तेवढ्यावर सही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसं बदलली की प्रश्न सुटतो, हाही भरवसा नको. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या विमान कंपन्या एक झाल्यावर २००७ मध्ये लवादाने सिनिऑरिटीची एकत्र यादी दिली. ती न पटलेल्या वैमानिकांनी पुढच्याच वर्षी अख्खी युनियनच बदलून टाकली. यादीचं भांडण तरीही धुमसतच राहिलं. एकाच कंपनीचे पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे वैमानिक २०१३ पर्यंत वेगवेगळ्या करारांवर उडत होते.

तुमच्या मनातलं ओझं मला वेगळंच दिसतं. ज्याने शिकवलं त्याच्या विरोधात जायचं कसं? अहो, पण त्यांनी शिकवलं काय? १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जम्बो आदळून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती, पण कॅप्टनने ती उडवून लावली. त्यानंतरच्या वर्षांत साऱ्या जगाच्या कॉकपिटमध्ये एक शिस्त रुजवली गेली: शेजारी बसलेल्याने वरिष्ठाला तोंडावर सांगायचं की मला हे पटत नाही, आणि वरिष्ठाने ते ऐकायचं. तुम्हीच लिहिलं आहे की पहिल्या महिन्यात एका लँडिंगच्या वेळी तुम्ही ‘गो अराउंड’ म्हणालात, तुमच्या कॅप्टननी एका शब्दानेही न विचारता विमान वर घेतलं आणि नंतर तुमची पाठ थोपटली. असा माणूस तुमच्या विरोधी मताने दुखावेल, असं मला वाटत नाही. न उचललेल्या फोनने मात्र तो नक्की दुखावला असेल.

तेव्हा मतदान बंद होण्याआधी त्यांना फोन करा. मतदान गुप्त आहे, सांगायची सक्ती नाही, पण तुम्ही आपण होऊन सांगा. “सर, मी विरोधात मत देतोय, रिझर्व्हमुळे,” एवढं पहिल्याच मिनिटात बोलून टाका, म्हणजे पुढचं बोलणं मोकळं होईल. मग विचारा, रिझर्व्हच्या कलमांवर आपण नेमकं काय मागितलं होतं? ते कशाच्या बदल्यात सोडलं? आणि यापेक्षा जास्त मिळणार नाही, असं तुम्हाला कशावरून वाटलं? उत्तरं लिहून घ्या आणि कराराच्या मसुद्याशी ताडून बघा. त्यांनी काही लपवलं असं तेव्हा दिसलं, तर सही करायला अर्ज कुठे पळून जात नाही, आणि तेव्हा त्यांचा मुलाहिजाही ठेवू नका. सही मागणाऱ्यांनाही हेच सांगा: माझं मत ‘नाही’ आहे, सही आत्ता नाही. ते चिडतील, काही दिवस जेवणाच्या टेबलावर शेजारची खुर्ची रिकामी राहील. तेवढं सोसा.

आणखी एक. निकाल काहीही लागो, युनियनच्या शेड्युलिंग कमिटीला काम करणारी माणसं लागतातच. रिझर्व्हवरच्या फर्स्ट ऑफिसरला शेड्युलिंगच्या त्या फोनचं जे कळतं, ते पंधरा वर्षं लाइन उडवणाऱ्याला आठवतही नसतं. आपलं नाव द्या, आणि ते देताना कॅप्टननाच सांगा.

तुमची,
ताई