पहिली नोकरी, पगार २४ हजार, सांगलीत घरीच राहतो. पैशांच्या नियोजनासाठी कुठलं ॲप वापरावं? क्रेडिट कार्ड घ्यावं का?

ॲप कुठलंही वापरा, नाहीतर वापरूच नका. खर्च लिहून ठेवायची म्हणून जी ॲप मिळतात, त्यातली बरीचशी तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागतात आणि थोड्या दिवसांनी तुम्हालाच कर्ज हवंय का म्हणून विचारत बसतात. पगार एका खात्यात ठेवा, महिन्याच्या खर्चापुरते पैसे दुसऱ्या खात्यात टाका आणि यूपीआय फक्त त्या दुसऱ्याला जोडा. त्या खात्याचं स्टेटमेंट हीच तुमची वही. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, त्यामुळे कीर्द-खतावणी मी लहानपणापासून बघितलीय. घरी जेवणाऱ्या पोराला त्यातलं काही लागत नाही.

लागतं ते वेगळंच, आणि ते फुकट आहे. स्प्रेडशीटमधलं 'रेट' नावाचं फंक्शन, हप्ते आणि शेवटी मिळणारी रक्कम टाकली की वर्षाचं खरं व्याज सांगणारं. कारण पगार सुरू झाला की आधी नातेवाईक येतात, योजना घेऊन.

माझ्याकडे दाजी आले. नोकरी लागल्यानंतरची पहिली भाऊबीज, ताई आणि दाजी तासगावहून आलेले. ओवाळून झालं, तबकातले पैसे ताईने अजून उचललेही नव्हते, तोवर दाजींनी बॅगेतून रंगीत कागद काढला. दाजींचं खताचं दुकान आहे, जोडीला एका विमा कंपनीची एजन्सी. वर्षाला २५ हजार, २० वर्षं. "पाच लाख भरायचे, नऊ लाख घ्यायचे, वर विमा फुकट." फॉर्म भरूनच आणला होता. माझा पॅन नंबरसुद्धा घातलेला, तो बाबांनी फोनवरून सांगितलेला.

मी विचारलं, "दाजी, व्याज किती पडतं?"

"व्याज कशाला बघतोयस, जवळजवळ दुप्पट होतायत की!"

सगळी मेख इथेच आहे. पहिला हप्ता २० वर्षं आत राहतो, शेवटचा एकच वर्ष. सगळे हप्ते एकत्र करून 'दुप्पट' म्हणण्याला काही अर्थच नाही. मी तिथेच मोबाइलवर शीट उघडली. रेटच्या कंसात हप्ते २०, हप्त्याची रक्कम उणे २५०००, मग सुरुवातीची रक्कम शून्य, मग शेवटी मिळणारे ९०००००, आणि हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरायचा म्हणून १. उत्तर आलं ५.३ टक्के. पीपीएफचा, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी योजनेचा, दर तेव्हाही ७.१ होता, आजही तेवढाच आहे. तेच २५ हजार तिथे भरले आणि १५ वर्षांनंतर खातं आणखी ५ वर्षांनी वाढवलं, तर या दराने ११ लाखांच्या वर होतात. मी आकडा दाजींसमोर धरला. ते चकली खात राहिले.

बोलले ते बाबा. लोकांच्या पैशाचा आयुष्यभर पैन्‌पै हिशोब ठेवलेला माणूस, आणि मला म्हणतो, "घरातला माणूस हाय, हिशोब कसला बघतोस? सही कर की!"

मी सही केली नाही. ताई संक्रांतीपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही, आणि बाबांनी गुपचूप दाजींकडून स्वतःच्या नावावर एक छोटी पॉलिसी घेऊन समेट केला. २५ हजारांसाठी नातं ताणलंस, असं ते आजही म्हणतात. एकदाचे २५ हजार नव्हते ते, दरवर्षीचे होते, आणि तेव्हाच्या माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. नातं ताणायचंच म्हटलं तर ते फॉर्म भरून आणणाऱ्याने ताणलं. हे त्यांना कधी पटणार नाही, तुम्हाला पटलं तरी पुरे.

दाजींच्या बाजूने एवढं म्हणता येईल की मधे माझं काही बरंवाईट झालं असतं तर घरच्यांना विम्याची रक्कम मिळाली असती, ती माझ्या गणितात धरलेली नाही. आणि ज्याच्या हातात पैसा टिकतच नाही, त्याच्यासाठी सक्तीचा हप्ता बरा. पण विमाच हवा असेल तर बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती घ्या, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण. तुमच्यावर अवलंबून कोणी असेल तर टर्म प्लॅन, म्हणजे परतावा नसलेला निव्वळ विमा. आणि भिडेखातर सही करून बसला असाल, तर पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. हे एजंट सांगत नाही.

पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून शेजारचे काका सांगतील. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पुढचं तुम्ही ठरवा. भिशी ओळखीतली असेल तर चालू द्या, तिच्यावर माझा राग नाही.

एसआयपीबद्दल, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवण्याबद्दल, इथे पुष्कळ जण लिहितील, मी लिहीत नाही. त्याआधी तीन-चार महिन्यांचा खर्च आरडीत (बँकेतली दरमहा भरायची ठेव) साठवा, एवढंच.

क्रेडिट कार्ड घ्या, पण वेळेवर सगळं बिल भरणार असाल तरच. थकलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून जास्त व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४० च्या पुढे. सिबिल धरून चारही क्रेडिट कंपन्या (तुम्ही कर्ज कसं फेडता याची नोंद ठेवणाऱ्या) वर्षातून एकदा अहवाल फुकट देतात, कार्ड घेण्याआधी तो बघून घ्या. आणि ऑटो-डेबिट लावताना 'टोटल ड्यू' (पूर्ण बिल) निवडा, 'मिनिमम ड्यू' (बिलाचा किमान भाग) नको.