रात्री तीनचा गजर

प्रश्न: मी इंदूरला सुदामा नगरात राहते. मुलगा ९ वर्षांचा आहे, ८ महिन्यांपूर्वी त्याला टाइप वन डायबिटीज निघाला. दिवसातून चार इंजेक्शनं, रात्री तीनला उठून शुगर बघणं, सगळं मीच करते. हे सकाळी पीथमपूरला जातात ते रात्रीच येतात आणि सुई बघूनच घाबरतात. सासूबाई म्हणतात, पोह्यांबरोबर रोज जिलबी दिली म्हणून झालं. मोठी मुलगी १४ची, ती हल्ली काही मागतच नाही, शाळेच्या पिकनिकचं मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. खूप थकलीये. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते जिलबीचं मनातून काढून टाका. हा आजार गोड खाल्ल्यानं होत नाही, शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, यात ना तुमचा दोष ना त्याचा. सासूबाईंना हे तुम्ही नका सांगू, पुढच्या व्हिजिटला त्यांनाच सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. तुम्ही सासूबाईंना फक्त एवढं सांगा की १९२२ साली टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं, त्याआधी अशी मुलं वाचतच नसत. आणि मग त्यांना एक काम द्या, वाटीनं पोहे मोजून वाढायचं, कारण किती खाल्लं त्यावर डोस ठरतो. बोलणी कमी होतील असं मला वाटतं, कामाला लागलेलं माणूस दोष कमी शोधतं.

आता यांचं. सुईची भीती मी समजू शकते, पण घरात सुई देता येणारं माणूस एकच असणं हे मुलासाठीच धोक्याचं आहे, उद्या तुम्हाला ताप आला तर? इन्सुलिन पेनची सुई अगदी बारीक, काही मिलिमीटरची असते. रात्रीची तपासणी शनिवार-रविवार त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा, खरंच दुसऱ्या खोलीत, नाहीतर तुम्ही उठणारच. शुगर ७०च्या खाली गेली की वजनाप्रमाणे १० ते १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत बघायचं, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहा, फ्रिजवर लावा. शाळेत वर्गशिक्षिकेलाही तोच कागद द्या. सीबीएसईनं २०१७पासून अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खायला सोबत न्यायची मुभा दिलीये, म्हणजे शाळेत खाऊ मागताना संकोच नको.

पण ताई, पत्रात मला सगळ्यात जास्त लागली ती पिकनिक. ती मुलगी शहाणी झाली नाहीये, तिनं ठरवून टाकलंय की आईकडे आता माझ्यासाठी जागा नाही. तिला भावाची दुसरी आई करू नका, त्याची शुगर लो झाली तर साखर द्यायची एवढं तिला माहीत असू द्या, बास. त्या शनिवारी यांच्या हातात मीटर देऊन तुम्ही दोघीच छप्पन दुकानला खायला जा, आणि तिथे भावाचा विषय काढू नका. पिकनिकचं विचारा. गेली होती का ती?